क्लिपेखालचा गंज

थोडा वेळ काढून बसा. डोळे मिटायची गरज नाही. नजर फक्त खाली, जमिनीच्या पातळीला येऊ द्या. समोर एक जुना ट्रक उभा आहे असं धरा. तेर गावाबाहेर काळ्या मातीवर त्याची चाकं टेकली आहेत. ढोकीच्या कारखान्याला ऊस ओढून हंगाम संपला आहे आणि चेसिसवर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे आहेत. इंजिन थंड आहे, चाकांना ठोकळे लावले आहेत. आता मनानंच पाठीवर आडवे व्हा आणि गाडीखाली सरका.

आधी डिझेलची टाकी शोधा. तिच्यातून दोन नळ्या निघतात. एक इंजिनाकडे जाते, दुसरी वापरून उरलेलं डिझेल परत आणते. आज जाणाऱ्या नळीवर मन ठेवू. बोटाच्या टोकानं तिला स्पर्श करा आणि चेसिसच्या कडेकडेनं पुढे सरकत जा. कुठे गुळगुळीत लागेल, कुठे खरखरीत. जिथे खरखरीत लागेल तिथे थांबा. पुढे जायची ओढ वाटेल, ती जाऊ द्या.

या नळीच्या पुढच्या टोकाला फीड पंप आहे. त्याच्यापुढे फिल्टर, मग इंजेक्शन पंप, मग नोझल. फीड पंपापर्यंतच्या वाटेत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. चालत्या गाडीत इथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. या गोष्टीपाशी जरा रेंगाळा, कारण पुढचं सगळं इथूनच कळतं. इथे सुईएवढं भोक पडलं तर इंजिन चालू असताना डिझेलचा थेंब बाहेर येत नाही. बाहेरची हवा मात्र आत शिरते. गाडीखाली ओल नाही, वास नाही, डाग नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा घेत नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. सकाळी स्टार्टर मारमारून बॅटरी बसते. येडशीच्या घाटात भरलेली गाडी मध्येच दम सोडते. हातपंप मारला की पुन्हा चालते. मग माणूस फिल्टर बदलतो, बॅटरी बदलतो, पंप खोलायला नेतो. जे बाहेर सांडत नाही, ते बिघडलंय हे मनाला पटायला फार वेळ लागतो. तुमच्या मनाला तो वेळ आत्ता द्या.

आता क्लिपेपाशी या. नळी चेसिसला जिथे जिथे धरून ठेवली आहे, ती प्रत्येक जागा. नळी हलू नये, घासू नये, तुटू नये म्हणून क्लिप लावलेली असते. पण क्लिपेच्या आत बारीक फटीत चिखल अडकतो, ओल धरतो आणि उन्हातही लवकर वाळत नाही. उघडी नळी वाऱ्यानं कोरडी होते, क्लिपेखालची होत नाही. म्हणून नळी सडते ती बहुतेक वेळा तिला सांभाळून धरलेल्या जागीच. या वाक्यावर थांबावंसं वाटलं तर थांबा. मला तरी गाडीखालच्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत विचार करायला लावणारी वाटते.

लोखंड खाणीतून निघतं तेव्हा ते बहुतेक ऑक्सिजनशी जोडलेलंच असतं. भट्टीत आपण ते सोडवून घेतो. पाणी आणि हवा मिळाली की ते परतीच्या वाटेला लागतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्र्यानं सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमवर जमणारा थर त्याला जपतो, गंज लोखंडाला जपत नाही. आतूनही हेच चाललेलं असतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि तिथून नळीत जातं.

तुम्ही ज्या गावाबाहेर आडवे आहात त्या गावाचाही विचार करा. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे. इथलं सुती कापड गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. म्हणजे माल भरून गाडी हाकणं हा इथला फार जुना धंदा. लाकडी गाडीचा आस झिजला की करकरतो, चाक सैल झालं की डोळ्यांना दिसतं. ट्रकची मुख्य दुखणी मात्र पोटाखाली, पत्र्याआड असतात. म्हणून जुन्या गाडीवानापेक्षा आजच्या चालकाला जास्त वेळा वाकून बघावं लागतं.

आणि तेरमध्ये परीक्षा म्हटली की इथल्या गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, थापटी आठवणारच. संतांच्या डोक्यावर थापटी मारून कोणतं मडकं कच्चं ते त्यांनी सांगितलं, नामदेवांचं कच्चं निघालं, ही कथा इथे लहान मुलांनाही ठाऊक. पण नळीला ठोकून काही कळत नाही. सडलेली नळीही रंगाच्या थराखाली तशीच वाजते. तिच्यासाठी क्लिप सोडावीच लागते, ब्रशनं घासून कोरडी करावी लागते आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं हलकं दाबून बघावं लागतं. टोक आत गेलं तर निकाल लागला.

आता नळी काढू. बॅटरीची तार सुटी करा. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, हे अर्धंच खरं आहे. आपल्या देशातल्या मानकात त्याच्या ज्वलनबिंदूची, म्हणजे ठिणगीनं वाफ पेटू शकते त्या तापमानाची, किमान मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे आणि इथल्या धाराशिव जिल्ह्यातला मे महिना 40 च्या पुढे जातो. म्हणून बिडी नको, ग्राइंडर नको, टाकीजवळ वेल्डिंग तर मुळीच नको. गंजलेल्या नटांना आदल्या संध्याकाळी तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पाना लावा. नट फिरण्याआधी जो ताण हातात येतो तो जाणवू द्या. झटका देऊ नका.

इथे एक मोह होतो. सडलेला फूटभर तुकडा कापायचा, रबरी नळी घालायची, दोन क्लॅम्प आवळायचे आणि निघायचं. वाटेत अडकलात तर जरूर करा. पण तेवढ्यावर पुढचा हंगाम काढू नका. उरलेली नळी त्याच वयाची आहे, तिनं तेच पाऊस पाहिले आहेत. पाण्याची साधी रबरी नळी डिझेलमध्ये फुगते, मऊ पडते. तांब्याची हातानं वाकते म्हणून बरी वाटते, पण हादऱ्यांनी ती कडक होऊन तोंडाशी चिरते, आणि तांब्यामुळे डिझेलही लवकर खराब होतं. बाहेरून मुलामा दिलेली पोलादी नळी घ्या. जुनी नळी शेजारी ठेवून तिच्याच वळणांनी वाकवा. तांब्याचे वॉशर नवे घाला. क्लिपेखाली रबराची पट्टी द्या आणि पाणी निथळायला वाट ठेवा.

शेवटचं काम हवा काढण्याचं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा आणि हातपंप सावकाश दाबत राहा. आधी नुसती हवा येईल, मग फेस, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल. इथे पुष्कळजण स्क्रू आवळून टाकतात. तुम्ही थांबा. दाबत राहा. बुडबुडा नसलेली एकसंध धार येईपर्यंत दुसरं काही मनात आणू नका. मग आवळा, कापडानं पुसा, इंजिन चालू करा आणि फीड पंपापुढच्या प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद टेकवून बघा. सांडलेल्या डिझेलवर माती टाका, रस्त्यावर ते राहिलं तर मागून येणारा मोटारसायकलवाला घसरतो.

नव्या नळीची खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी, रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला उठते का यात आहे.

तुमच्याकडे जुना ट्रक असेल किंवा गावात कुणाकडे असेल, तर मृगाचा पाऊस पडायच्या आधी, गाडी रिकामी असतानाच, सगळ्या क्लिपा सोडून नळी बघून घ्या. नळीचा खर्च सहसा एका चुकलेल्या खेपेपेक्षा जास्त होत नाही. आणि घाटात रात्री बंद पडलेल्या गाडीत चालकाबरोबर क्लीनर म्हणून आलेलं पोरगंही बसलेलं असतं.