मोरीचं दार

फोटो तुमच्याकडेही आलाच असणार. माझ्याकडे या आठवड्यात चार ग्रुपांवरून आला, त्यातल्या एकावर दोनदा. बीजिंगची गल्ली, राखाडी विटांची भिंत, ठेंगण्या स्टुलावर बसलेले आजोबा, बनियन पोटावरून छातीपर्यंत गुंडाळलेला, पाय घमेल्यात, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. अर्थातच ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत असता तर पाय धुणारा म्हातारा दिसला असता. रंग काढले की त्याची संस्कृती होते. खाली ओळ : ‘एक निरागस क्षण टिपताना.’

‘निरागस’ हा शब्द मी बारशाच्या पत्रिकेबाहेर खपवून घेत नाही, हे या स्तंभाच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेल्या बीजिंगकराने दुष्काळ पाहिलेला असतो, १९६६ ते १९७६ ची सांस्कृतिक क्रांती अंगावर काढलेली असते, डोळ्यांदेखत गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या गेलेल्या असतात. त्याला हवं ते विशेषण लावा, हे नको. आणि टिपायचंच असेल तर घाम टिपावा.

फोटोखाली कुणीतरी विचारलंच, आजोबांना विचारलं होतं का? मग समर्थनं आली. कला आहे. गल्ल्या नाहीशा होताहेत, नोंद राहायला हवी. भाषा येत नव्हती. (नूडल्स मागवताना बोट दाखवून भागलं असणारच.) ही सगळी सोडून देतो. पण एकाने लिहिलं, ‘अहो, ते रस्त्यावरच तर बसले होते!’ आणि माझा चहा गार झाला. गार चहा मी पीत नाही, तेव्हा नुकसान दुहेरी.

रस्त्यावरच तर! म्हणजे घरात झकास न्हाणीघर आहे, फरशी गुळगुळीत आहे, नळाला गरम पाणी आहे, आणि तरी आजोबा म्हणाले, छे, आज जरा चारचौघांत पाय धुवावेत. सूनबाई, घमेलं काढ, बाहेर दुधी भोपळ्याएवढी लेन्स घेऊन पाहुणे आलेत. बनियनही वर गुंडाळतो, उजेड बरा पडेल. असंच झालं असणार. माणूस घराबाहेर पाय ठेवतो तो आपल्याला दिसावा म्हणूनच, नाही का? उद्या दवाखान्याच्या बाकावर कण्हणारा ‘बाकावरच तर’ असेल, स्मशानात रडणारा ‘स्मशानातच तर’ असेल. हा ‘च तर’ फार कामाचा आहे. तो लावला की समोरच्याची अडचण आपला हक्क होते.

जुन्या बीजिंगच्या गल्लीला हूथोंग म्हणतात आणि तिच्यातल्या जुन्या घराला सहयुआन. चार बाजूंना खोल्या, मध्ये अंगण. आपल्या वाड्याची आठवण यावी असं. या घराच्या दारातून आत पाऊल टाकलं की समोर अंगण दिसत नाही, एक आडवी भिंत दिसते. यिंगबी. भुताखेतांना अडवायची अशी समजूत, पण येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आत शिरू नये हा उपयोग रोजचा. फोटोवाले ज्या परंपरेसाठी विमानाचं तिकीट काढतात, तिने दारातच नजरेला भिंत घातली होती, ही गोष्ट कुणाच्या कॅप्शनमध्ये येत नाही.

मग ते घर फुटलं. १९४९ नंतरच्या काही दशकांत एका कुटुंबाच्या अंगणात अनेक बिऱ्हाडं आली, अंगणात पत्र्याच्या नि विटांच्या खोपट्या उठल्या, आणि सहयुआनचं दाझायुआन झालं, म्हणजे मोठं सरमिसळीचं अंगण. संडास गल्लीच्या तोंडाशी, सार्वजनिक. अंगण संपलं तसं घर दाराबाहेर सांडलं. भाजी निवडणं, बुद्धिबळ, वाळत घातलेली पडवळासारखी लांब पायमोज्यांची रांग, आणि हे पाय. आजोबा रस्त्यावर नाहीत. ते त्यांच्या मोरीत आहेत. मोरीला दार नाही इतकंच.

याच शहरात श्रीमंतांनी जुने सहयुआन विकत घेऊन नव्यासारखे करून घेतलेत. लाल दारं, पितळी कड्या, वर कॅमेरा, दार बंद. त्यांचेही पाय मळतच असतील.

मी चाळीत वाढलो. संडास गॅलरीच्या टोकाला. टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला हाक मारायची नाही, तो दिसलाच नाही असं वागायचं, हा आमचा अलिखित कायदा. कुणी शिकवला नव्हता. बीजिंगकरांचा मामला उलटा. ते संडासाच्या दारातही एकमेकांना ‘जेवलात का?’ विचारतात, असा त्यांच्यावर जुना विनोद आहे. चालेल. विचारणाऱ्याला तोही उद्या विचारणार असतो. भोपळेवाल्याला कोण विचारणार?

कायदा म्हणाल, तर चीनच्या नागरी संहितेने १ जानेवारी २०२१ पासून माणसाची प्रतिमा त्याच्या संमतीवाचून काढायला आणि वापरायला मनाई केली आहे. आधी नफ्यासाठी वापरली तरच आक्षेप होता. सार्वजनिक ठिकाण दाखवताना अपरिहार्यपणे कुणी आलं तर चालतं, अशी सवलतही आहे. पण या फोटोत ओघात आलीय ती भिंत. आणि सरकार काही सोवळं नाही. आन्ह्वे प्रांतातल्या सूचोऊच्या (बागांसाठी प्रसिद्ध आहे ते सूचोऊ वेगळं) नगर प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये झोपायच्या कपड्यांत बाहेर फिरणाऱ्यांचे कॅमेऱ्यातले फोटो ‘असभ्य वर्तन’ म्हणून नावांसकट जाहीर केले. लोक खवळले. प्रशासनाने माफी मागितली. चिनी प्रशासनाला जे जमलं ते आपल्या ग्रुपवर अजून कुणाला जमलेलं नाही.

शांघायच्या वूखांग रस्त्यावर मे २०२१ मध्ये एका जुन्या बाल्कनीला गुलाबी बो बांधलेला होता. फोटोसाठी गर्दी जमली. बाल्कनीत एक आजी आल्या, त्यांनी हात हलवला. झालं. दुसऱ्या दिवसापासून खालून हाका : आजी, बाहेर या! शेवटी घरचे आजींना दुसरीकडे घेऊन गेले आणि बो उतरवला गेला. त्या आजींनी तर हसून हात केला होता. यापेक्षा मोठी परवानगी काय असते? इथे माझं तत्त्व थोडं लटपटतं, ते लटपटू दे.

लटपटायला आणखीही कारणं आहेत. १९४८ च्या डिसेंबरात फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ बीजिंगच्या गल्ल्यांत परवानग्या मागत हिंडला असता, तर आज आपल्याकडे काय उरलं असतं, हे मलाही कळतं. (तेही ब्लॅक अँड व्हाइटच, पण त्याला इलाज नव्हता असं धरू.) हाँगकाँगच्या गल्ल्यांचा जादूगार फान हो. त्याच्या १९५४ च्या सर्वांत गाजलेल्या फोटोत भिंतीशी उभी असलेली मुलगी ही त्याची बहीण, नात्यातली. त्याने तिला उभी केली होती आणि ती तिरकी सावली डार्करूममध्ये घातली होती. म्हणजे विचारूनही होतं. आणि फोटोग्राफर शू योंगने तर १९९० मध्ये हूथोंगांच्या १०१ फोटोंचं पुस्तक काढलं, जवळजवळ सगळ्या गल्ल्या रिकाम्या. माणूस न दाखवता माणसांची वस्ती दाखवली. मी त्याला नमस्कार करणार होतो, तेवढ्यात कळलं की पुढे काही वर्षांतच त्याने पर्यटकांना सायकलरिक्षांत बसवून त्याच गल्ल्यांतून फिरवायचा धंदा काढला. अर्धाच नमस्कार करतो.

फोटो मी कुठे पाठवलेला नाही. पुसलेलाही नाही. घमेल्याच्या आतल्या बाजूला दोन मासे रंगवलेत, एकाची शेपटी झिजली आहे. किती वेळा मोठं करून पाहिल्यावर ते दिसलं, हे मात्र विचारू नका.