ओट्याची उंची

वाईला कृष्णेकाठच्या एका आळीत एक वाडा होता आणि वाड्यात एक काकू एकट्याच राहत होत्या. मधे चौक, चौकात तुळस, परसात आड आणि दारापुढे काळ्या घडीव दगडाचा ओटा. घरातली मोठी माणसं एकेक करून गेली. पुतण्या शिकायला म्हणून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला.

रोज सकाळी ओट्यावर दहीवाली टेकायची. जमिनीवर ठेवलेली पाटी पुन्हा डोक्यावर घ्यायची तर दुसऱ्याचा हात लागतो. ओटा होता कमरेएवढा, तिथून पाटी ती एकटीच उचलायची. टेकल्यावर दोन घोट पाणी, चार गोष्टी. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या घराला कुलूप लागलं, हे काकूंना तिच्याकडूनच कळायचं.

वाडा पाडून इमारत बांधायची म्हणून ठेकेदार वर्षाआड यायचा. काकू त्याला चहा पाजायच्या आणि सांगायच्या, "माझ्या डोळ्यांदेखत नको." लोक म्हणायचे, काकूंनी वाडा राखला. काकूंनाही ते बरं वाटायचं.

एकदा सरकारी दवाखान्यातली एक नर्स खोली विचारत आली. सातारा ते वाई रोज एसटीने ये-जा करून ती दमली होती. काकू म्हणाल्या, "आम्ही भाडेकरू ठेवत नाही." त्यांच्या सासऱ्यांनी एकदा ठेवला होता आणि पुढची कितीतरी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, तेव्हा त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. नर्स ओट्यावर थोडी टेकली आणि गेली.

पुढे आळीचा कृष्णाबाईचा उत्सव आला. घाटावर मांडव पडला, प्रसादाची पंगत बसली. पूर्वी वाढायला इतक्या जणी असत की कुणी पातेलं हाती लागू देत नसे. त्या वर्षी तिघीच होत्या आणि तिघींचीही साठी उलटलेली. काकू भाताचं पातेलं घेऊन निघाल्या आणि अर्ध्या पंगतीतच त्यांच्या कमरेत लचक भरली. एवढ्यात मागून कुणीतरी पातेलं धरलं. पाहतात तर तीच नर्स! दर्शनाला आली होती. तिने पदर खोचला आणि शेवटच्या पानापर्यंत वाढलं. सगळं आवरेपर्यंत तिची शेवटची गाडी गेली. त्या रात्री ती वाड्याच्या सोप्यात निजली.

सकाळी काकूंनी आपण होऊन ठेकेदाराला बोलावलं.

तो नकाशा घेऊन आला. चार मजले, बारा फ्लॅट. काकूंनी चष्मा पुसून नकाशा नीट पाहिला. "ओटा कुठाय?"

"तिथं पार्किंग, काकू. गाड्यांना जागा सोडल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. शेजारच्या आळीत आपण बांधलीय ना, तशीच."

ती इमारत काकूंनी पाहिली होती. खाली गाड्या, पुढे लोखंडी गेट, वर बंद खिडक्या. दहीवाली गेटाबाहेरून हाका मारायची. ऐकू कुणाला जाणार? पाटी खाली ठेवावी तर ती परत चढवायला हात कुणाचा? तिने ती आळीच सोडून दिली होती.

"चला जरा," काकू म्हणाल्या आणि ठेकेदाराला घेऊन ढोल्या गणपतीच्या देवळामागे गेल्या. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ, अगदी नदीला लागून. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर फुटतं आणि दोन बाजूंनी निघून जातं.

"तुझ्या आज्यानं ही भिंत तुला दाखवली असेल."

ठेकेदाराचा आजा गवंडी होता. ठेकेदार भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "पूर येणार हे धरूनच बांधलंय."

"मग तूही तसंच बांध."

त्याने पुन्हा हिशेब मांडला. ओटा ठेवला तर गाड्यांची जागा कमी, म्हणून फ्लॅटही दोन कमी. काकू म्हणाल्या, "ते दोन माझ्या वाट्यातले धर." पुतण्याने पुण्याहून फोन केला. "काकू, दोन फ्लॅट म्हणजे किती रुपये, कळतंय का तुला?"

"कळतंय रे. म्हणून तर तुझ्या वाट्याचे सोडायला सांगितले नाहीत."

वाडा उतरवला त्या दिवशी काकू घाटावर जाऊन बसल्या. तुळस कुंडीत आली, आड वाचला, नक्षीचे खांब मात्र गेले. त्याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलं. ओट्याचे दगड खुणा करून रचून ठेवले होते, ते पुन्हा होते तिथेच बसवले. नर्सला वरची खोली मिळाली. एमआयडीसीतले दोन संसार आले, मुलं आली, सायकली आल्या. एकाने ओट्यावर चपलांचं कपाट आणून ठेवलं. काकूंनी ते दोनदा हलवलं, तिसऱ्यांदा त्याने स्वतःच आत नेलं. पुढच्या उत्सवात वाढायला नऊ जणी होत्या. त्यातल्या चौघींना आमटी आधी की भाजी, हे ठाऊक नव्हतं.

सांगणाऱ्याच्या मनात एकच येतं. काकूंनी वाडा राखला तेव्हा आळीत दही घ्यायला माणूस उरेना, आणि शेजारी घरं उभी राहिली तिथे पाटी टेकायला जागा उरली नाही. दोन्हीकडून उपाशी राहिली असती ती दहीवालीच.

वर्षभराने समोरच्या वाड्याचा मालक टेप घेऊन आला. त्यालाही बांधायचं होतं.

"काकू, ओटा किती उंच ठेवू?"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय विचारतोस? येईल आता दहीवाली, तिला विचार."