फूल वाहिलं, तेल कोण घालणार?

🙏 श्री गुरुदेव दत्त 🙏



खंडेनवमी जवळ आली. विळी, कोयता, शिवणयंत्र, स्कूटर, सगळं पुसून आपण झेंडूची फुलं वाहणार. वाहायलाच हवीत. पण वर्षाचे उरलेले ३६४ दिवस त्या आयुधाकडे कोण बघतं?

डिचोलीकडच्या एका सत्संगी घरातली गोष्ट सांगते. वडील टर्नर. खाणीच्या ट्रकांचे बुश, पिना त्यांच्या लेथवर व्हायच्या. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मधे सुरू होऊन २०१८ साली परत थांबल्या. काम आटलं, पुढे वडीलही गेले. लेथ ताडपत्रीखाली गेला. आपल्याकडचा पावसाळा आणि दमट हवा, गंज चढायला कितीसा वेळ! दसऱ्याला मात्र न चुकता हळद-कुंकू आणि हार.

थोरला म्हणाला, भंगारात देऊया, घराला पैसे हवेत. धाकटा म्हणाला, बाबांची आठवण आहे, हात लावायचा नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी आई म्हणाली, "विका नाहीतर चालवा. पण नुसता हार घालून त्याचा फोटो करू नका."

धाकटा लागला कामाला. गंज काढायला ग्राइंडर घेतला, तर बाबांच्या जुन्या मेस्त्रींनी हात धरला. "बेडवर ग्राइंडर नको! ती पट्टी सरळ आहे म्हणून काम सरळ होतं. गंज जाईल, पण माप कायमचं जाईल." मग डिझेलचं फडकं, बारीक पॉलिश पेपर आणि हलका हात. कित्येक रविवार गेले.

गंज निघाल्यावर दिसलं, चकाजवळ बेड झिजलेला आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ नवा. कारण रोजचं काम चकाजवळच होतं. बाबांचं आयुष्य तिथं झिजलं होतं. हँडलही थोडं ढिलं होतं. मेस्त्री म्हणाले, "माप नेहमी एकाच बाजूनं घेत ये, ढिलाई आड येत नाही."

बघा, यात आपल्यासाठी किती आहे! मुलांचे दोष काढताना आपण रागाचा ग्राइंडर फिरवतो. दोष जातो की नाही कोण जाणे, मूल मात्र वाकडं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे, कंबर, ही झीज आहे, बिघाड नव्हे. ती आपल्यासाठी झाली. आणि मन ढिलं असलं तरी रोज एकाच बाजूनं, नामाच्या बाजूनं वळवलं, तर हिशोब चुकत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात, माणूस आपल्या कर्मानंच त्याची पूजा करतो. गोरोबाकाकांनी चिखल सोडला नाही, नरहरी महाराजांनी सोनारकाम सोडलं नाही. हातातलं कामच त्यांचं देवघर झालं.

थोरल्यालाही दोष देऊ नका. घराची चूल पेटती ठेवणं हीसुद्धा सेवाच. चालवणारं कुणीच नसेल, तर वस्तू चालवणाऱ्याच्या हाती द्यावी. तीही पूजाच. आता तो लेथ दिवसाला दोन-चार कामं करतो, आणि हिशोबाची वही थोरला लिहितो.

*या दसऱ्याचा संकल्प:* वडीलधाऱ्यांची एक बंद पडलेली वस्तू निवडा. दसऱ्याला हात घाला, पेडण्याच्या पुनवेपर्यंत चालू करा. घरातल्या मुलांना सोबत घ्या. आणि कुणाशी बोलणं बंद असेल, तर पहिलं तेल तिथं घाला.

॥ श्री गुरुचरणार्पणमस्तु ॥