दहा तासं

"मामा, दहा तासं मला सोडा. त्यात नांगर नको, रोटाव्हेटर नको, वखराची पाळीसुद्धा नको. तीन वर्षं."

माई हे म्हणाली तेव्हा माझे वडील, आबा, गोठ्यात बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होते. माई माझी आतेबहीण, कंधारची. गोठ्यातली लाल कंधारी जोडीही आत्याच्याच गावाकडून आलेली. मन्याड नदीच्या अलीकडे आमचा अहमदपूर तालुका, लातूर जिल्ह्यातला; पलीकडे कंधार, नांदेड जिल्ह्यातलं. सोयरीक आणि बैल दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या ही हद्द ओलांडत आलेले. माई तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकत होती.

"उन्हाळ्यात नांगरट नाही केली तर जमीन तापंल कशी? हरळी मरंल कशी?" आबांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही मामा. तेच तर बघायचंय."

शिकलेल्या माणसाच्या तोंडून "ठाऊक नाही" हे शब्द आबांनी क्वचितच ऐकले असतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "घे. बांधाकडून मोजून घे."

मी तिथंच ट्रॅक्टरची चावी हातात घेऊन उभा होतो. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला होता. चैत्र-वैशाखात अर्ध्या गावाची नांगरट आणि त्यामागून रोटाव्हेटर मीच मारायचो, त्यावरच हप्ते फिटायचे. दहा तासांच्या पट्ट्यानं माझं काही बिघडत नव्हतं. पण ती तासं खरी ठरली तर? हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला, आणि तो मी कोणालाही सांगितला नाही.

आमची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की काठी घातली तर हातभर आत जाते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वरचा भुगा भेगांत पडतो आणि खालची माती हळूहळू वर येत राहते. ही जमीन आपली आपण नांगरते, असं आमचे आजोबा म्हणत. त्यांच्या काळात तीन वर्षांतून एकदा नांगर चालायचा, मधल्या वर्षांत वखराच्या पाळ्या. खोल नांगरायला चार-सहा बैल लागत आणि एवढे बैल दरवर्षी कुठून आणायचे? ट्रॅक्टर आला आणि नांगरट दरवर्षी होऊ लागली, वर रोटाव्हेटरच्या दोन फेऱ्या. जमिनीची गरज वाढली होती म्हणून हे झालं नाही. ते सोपं झालं, म्हणून झालं.

मृगाचा पाऊस झाला. बाकीच्या रानात पेरणी झाली. माईच्या पट्ट्यात मात्र आधीच्या पिकाची धसकटं तशीच होती; त्यांच्या मधून तिनं आणि आईनं सोयाबीन टोकलं, अधूनमधून तूर. महिन्याभरात पट्टा तणानं भरला. बायांना दोनदा जास्तीचं खुरपायला लावावं लागलं. येणारेजाणारे बांधावर थांबून बघत आणि हसत पुढं जात. काढणीला तर पाच-सहा जण मुद्दाम खळ्यावर आले. माईनं पट्ट्याचं सोयाबीन वेगळं मळलं, शेजारच्या तेवढ्याच नांगरलेल्या तासांचं वेगळं, आणि दोन्ही काट्यावर घातली.

पट्ट्याचं वजन कमी भरलं. थोडंथोडकं नाही, चांगलं पाचव्या हिश्श्यानं कमी.

कोणीतरी म्हणालं, "झाली का विद्यापीठाची शेती?" माईचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण तिनं वही काढली, काट्यावरचा आकडा परत एकदा वाचला आणि सगळ्यांच्या देखत लिहिला. त्याखाली लिहिलं: खुरपणीचा खर्च दुप्पट. मग तिनं त्यातल्याच एकाला वही दाखवली. "काका, बरोबर लिहिलंय का बघा."

हसणं तिथंच थांबलं.

त्या रात्री जेवताना आबा आईला म्हणाले, "पोरीनं आपल्या विरुद्धचं माप आपल्या हातानं लिहिलं. आपण कधी लिहिलंय?" मला ते लागलं. ट्रॅक्टर आल्यापासून उतारा किती वाढला, डिझेलला किती गेले, हे मी एकदाही कागदावर मांडलेलं नव्हतं. वाढलाच असेल, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीत माई चार दिवस राहिली. अंगणात बसून आबांनी विचारलं, "हे असं मोजत बसायचं तुला कुणी शिकवलं?" तेव्हा तिनं सांगितलेलं मला अजून आठवतं.

ती म्हणाली, कोरडवाहू शेतीचा अभ्यास आपल्याकडं पुण्याजवळ मांजरीला 1923 मध्ये ताम्हणे नावाच्या शास्त्रज्ञांनी सुरू केला. पुढं 1933 ते 1935 या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच केंद्रं उभी राहिली. "मामा, आपलं कंधार-अहमदपूर तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्यातलं केंद्र रायचूरला." सोलापूरच्या कामातलं मोठं नाव रावबहादूर कानिटकरांचं. बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा म्हणजे पाणी मुरंल, शेणखत द्या, बी पातळ पेरा, कोळपणी करून ओल धरून ठेवा, असं त्या कामातून निघालं.

"म्हणजे आमच्या बापाचंच," आबा म्हणाले.

"हो. आणि एवढं सगळं करून उत्पन्न किती वाढलं? हेक्टरी 200 ते 400 किलोवर शेकडा पंधरा-वीस. वर्षानुवर्षांच्या कष्टांची एवढीच कमाई, आणि ती आहे तेवढीच पुस्तकात आहे. फुगवलेली नाही. म्हणून तर नव्वद वर्षांनी मी तिच्यावर पुढचं पाऊल ठेवू शकते."

मग तिनं इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेताची गोष्ट सांगितली. तिथं गव्हाच्या एका रानात 1843 पासून वेगवेगळ्या खतांचे पट्टे आहेत, आणि एका पट्ट्याला तेव्हापासून आजतागायत खताचा कणही घातलेला नाही. इतक्या पिढ्यांचे शास्त्रज्ञ तो उपाशी पट्टा जपत आले, कारण तो नसेल तर बाकीच्या पट्ट्यांना खतानं काय दिलं हे कळणारच नाही. त्याच ठिकाणी 1930 च्या दशकात कीन आणि रसेल यांनी मशागत तपासली. जास्तीच्या मशागतीचा तण मारण्यापलीकडं फारसा फायदा त्यांना दिसला नाही. शेतकऱ्यांना आणि अभ्यासकांनाही ते पचायला जड गेलं असणार. आपल्याकडंही कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी स्वतःच्या शेतातला नांगर बंद केला आणि जमिनीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळ्यांनी भाताचे गादीवाफे एकदाच करून पुन्हा नांगर न लावण्याची रीत बसवली.

"मग त्यांचं बघूनच सगळं रान का नाही सोडलं?" मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी धार होती.

"दादा, त्यांची माती वेगळी, पाऊस वेगळा. आपल्या काळीला आपणच विचारायला पाहिजे."

दुसऱ्या वर्षी श्रावणात पावसानं दडी मारली. तीन आठवडे थेंब नाही. सोयाबीन ऐन फुलात, आणि दुपारी पानं उलटी होऊ लागली. सातव्या-आठव्या दिवशी नांगरलेल्या रानानं मान टाकली. पट्टा आणखी पाच-सहा दिवस तग धरून होता. आबा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहत, काही न बोलता.

माई आली ती एक लोखंडी सळई आणि पाइपचा वीतभर तुकडा घेऊन. नांगरलेल्या रानात तिनं सळई दाबली. वरचं भुसभुशीत सहज ओलांडून ती वीतभरावर अडकली. "हा तुझ्या रोटाव्हेटरखालचा तळ, दादा. वर पीठ होतं, खाली पाती आणि चाकं माती दाबत जातात. मूळ इथवर येतं आणि आडवं वळतं." एक झाड उपटून तिनं दाखवलं. सोटमूळ खरंच काटकोनात वळलेलं होतं. पट्ट्यात सळई कोपरभर गेली. तिथली माती वरून कठीण दिसत होती, पण खणल्यावर गेल्या वर्षीच्या तुरीचं मूळ कुजून राहिलेली नळी सापडली, तिच्या कडेनं बुरशीचे पांढरे तंतू, आणि गांडुळाची विष्ठा. मग दोन्हीकडं पाइपचा तुकडा ठोकून तिनं सारखंच पाणी ओतलं. नांगरलेल्या रानातलं पाणी बघत आम्ही अर्धा तास बसलो. पट्ट्यातलं पाच-सहा मिनिटांत दिसेनासं झालं.

आबांनी विचारलं, "असं किती पाणी वाया जातंय गं?"

माईनं हिशेब मांडला. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. "मामा, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती गाडी बघितली. आपल्या पाच एकरांवर एक इंच पाऊस पडतो तेव्हा तेवढंच पाणी आपल्या दारात येतं. ते मुरवायचं की नाल्यानं मन्याडीला सोडायचं, एवढंच आपल्या हातात आहे."

लातूरकर माणसाला ती गाडी सांगावी लागत नाही. त्या उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगेत आमचेही नातेवाईक उभे होते. आबांनी नाल्याकडं बघितलं आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिले.

त्या वर्षी पट्ट्याचं वजन किंचित जास्त भरलं. माईनं तेही तसंच लिहिलं, आणि शेजारी लिहिलं: तण अजून त्रास देतंय.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला. सकाळी नाला गढूळ चहासारखा वाहत होता. एका एकरावरून नुसता एक मिलिमीटर थर गेला तरी चार घनमीटर माती जाते, पाच टनांच्या घरात. आमच्या नांगरलेल्या रानात ठिकठिकाणी ओघळ पडले होते. पट्ट्याच्या वरच्या भागात एकही ओघळ नव्हता. आबा मोठ्यानं म्हणाले, "जिंकली पोरगी!"

पण माई पट्ट्याच्या खालच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला जाऊन उकिडवी बसली होती. तिथं पाणी तुंबलं होतं. चार दिवसांत ते सोयाबीन पिवळं पडलं, मुळं कुजली. काढणीला वरच्या अर्ध्या पट्ट्याचा उतारा चांगला वाढलेला, खालच्या अर्ध्याचा नांगरलेल्या रानापेक्षाही कमी.

ही गोष्ट तोवर आसपासच्या गावांत पोचली होती. मारुतीच्या पारावर बैठक बसली. नांगरमुक्त गाव जाहीर करायचं, फोटो काढायचे, असा काही जणांचा बेत. माईच्या हातात माइक दिला. मी मागं उभा होतो, छातीत धडधडत होतं. माझ्या ट्रॅक्टरचा निकाल लागणार, असं वाटत होतं.

"मी असं सांगणार नाही," माई म्हणाली. "माझ्याकडं एका रानातला एक पट्टा आहे आणि तीन वर्षं आहेत. उताराच्या भारी जमिनीत नांगर थांबवला तर पाणी मुरतं, एवढं मी छातीठोक सांगते. पहिल्या वर्षी उतारा घटला, हे पण सांगते. पाणी साचतं तिथं माझा पट्टा हरला. अशा जागी रुंद वरंबा आणि सरी करा, जास्तीचं पाणी सरीतून निघून जाईल. पतंचेरूच्या इक्रिसॅट संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीसाठी ते बसवलंय आणि आमच्या परभणीच्या विद्यापीठानं त्याचं ट्रॅक्टरवर चालणारं पेरणीयंत्र केलंय. ज्याला करून बघायचं त्यानं आधी दहा तासं करा. सगळं रान नको."

पार अर्धा रिकामा झाला. लोकांना घोषणा हवी होती. उरले ते पंधरा-वीस जण. त्यातल्या नऊ जणांनी पुढच्या खरिपात पट्टे सोडले. त्या नऊ जणांच्या वह्या माई अजून तपासते. दोघांनी मधेच सोडून दिलं, त्यांचीही कारणं तिच्याकडं लिहिलेली आहेत.

मी त्या हिवाळ्यात वरंबा-सरीचं यंत्र घेतलं. नांगरटीची कामं कमी झाली, पेरणीची वाढली. हप्ते ओढाताण करून फिटताहेत. आता मीही वही ठेवतो. डिझेलचे आकडे पहिल्यांदा मांडले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

यंदा आमच्या पाचही एकरांत नांगर नाही. वरंबे एकदाच केलेत, त्यावरच टोकणी. म्हणजे नांगर नाही असं मी समजत होतो. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात घंटा वाजल्या म्हणून उठलो, तर आबांनी लाल कंधारी जोडी जुंपली होती. माळवदावरचा जुना लाकडी नांगर खाली काढला होता, त्याचा फाळ धार लावून आणला होता.

मागोमाग गेलो. रानाच्या मधोमध, चांगल्या वरच्या जमिनीत, आबा नांगरत होते.

"आबा, हे काय करायलाव? तीन वर्षांचं सगळं मोडायलाव की!"

त्यांनी बैल थांबवले नाहीत. तास संपवून वळले, तेव्हा म्हणाले, "सगळंच सोडलं तर सोडल्यानं झालं का पावसानं झालं, कसं कळंल? उद्या मी चुकत असलो तर मला दिसाय नको का?"

ऊन चढेपर्यंत ते चालत राहिले. मग नांगर बांधाला टेकवून त्यांनी कंबर सरळ केली, एका टोकापासून तासं मोजली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "दहा. लिही."