नावावर हक्क राहणाऱ्यांचा

कॅनडाच्या दहा प्रांतांची नावं एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये लिहून काढली, तर त्या देशाचा निम्मा इतिहास कागदावर उतरतो. ब्रिटिश कोलंबिया फ्रेंचमध्ये कोलोंबी-ब्रितानिक होतो, न्यू ब्रन्सविक नुव्हो-ब्रन्सविक होतो, नोव्हा स्कोशिया नुव्हेल-एकॉस होतो. प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर यांचीही फ्रेंच रूपं वेगळी आहेत. क्वेबेकच्या बाबतीत लेखनातला फरक फक्त एका स्वरावरच्या चिन्हाचा. उरलेले चार प्रांत म्हणजे अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि ऑन्टारिओ. त्यांची नावं दोन्ही भाषांत सारखीच लिहितात. अल्बर्टा हे राणी व्हिक्टोरियाच्या एका मुलीचं नाव. बाकीची तीन नावं, आणि क्वेबेकसुद्धा, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून आलेली आहेत.

म्हणजे ज्या नावांवर इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांचं आपसूक एकमत झालं, ती बहुतेक दोघांचीही नव्हेत. ती तिसऱ्याचीच आहेत. दोन भाषांतल्या स्थळनामांचा प्रश्न कॅनडाने कसा हाताळला, हे समजून घेताना या तिसऱ्याला नजरेआड करून चालणार नाही. पण आधी त्या दोघांबद्दल.

फ्रेंच दर्यावर्दी ज्याक कार्तिए १५३५ साली आजच्या क्वेबेकच्या किनाऱ्यावरच्या एका लहान उपसागरात शिरला तो १० ऑगस्टला, सेंट लॉरेन्सच्या सणाच्या दिवशी. त्याने त्या उपसागराला संताचं नाव दिलं. पुढे ते नाव पसरत पसरत अख्ख्या आखाताचं आणि महानदीचं झालं. कॅनडा हे नावही त्याच प्रवासातलं. वस्तीला ‘कनाटा’ म्हणणाऱ्या इरोक्वॉय लोकांचा शब्द कार्तिएने प्रदेशाचं नाव म्हणून टिपून घेतला. १६०८ साली फ्रेंच वसाहतकर्ता शांप्लँने नदी अरुंद होते त्या जागी वसाहत उभारली, आणि ‘अरुंद जागा’ सांगणारा अल्गोंक्वियन शब्द केबेक (आपलं क्वेबेक) हे त्या शहराचं नाव झालं.

मग सत्ता बदलली. फ्रेंचांनी वसवलेलं पोर-रॉयाल १७१० साली ब्रिटिशांनी घेतलं आणि राणी ॲनच्या नावावरून त्याचं ॲनापोलिस रॉयल केलं. त्या भागातल्या अकेडियन लोकांना, म्हणजे तिथे पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या फ्रेंच भाषकांना, १७५५ पासून सक्तीने घराबाहेर काढून जहाजांत भरण्यात आलं. त्या काळच्या लष्करी मोहिमेतला एक प्रमुख अधिकारी होता रॉबर्ट मंक्टन. नदीच्या वळणावरच्या ज्या वस्तीला अकेडियन लोक ‘ल कूद’, म्हणजे कोपर, म्हणत, त्या जागी आज मंक्टन नावाचं शहर आहे. हद्दपारीनंतर परतलेल्या अकेडियनांचे वंशज याच शहरात राहतात, याच नावाच्या फ्रेंच विद्यापीठात शिकतात. पश्चिमेला, नदीकाठच्या ‘प्ती-सो’ या गावाचं नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात राज्यपाल सर एडमंड हेड यांच्यावरून एडमंडस्टन झालं. आजही तिथे बहुसंख्य लोक फ्रेंचच बोलतात.

जिंकणारा नाव बदलतो, हा जगभरचा अनुभव. त्यावर दोन उत्तरं सहज सुचतात. एक म्हणजे सगळी नावं पुन्हा बदलायची. दुसरं म्हणजे प्रत्येक गावाला प्रत्येक भाषेत एकेक नाव द्यायचं. पहिल्या उत्तराने नवा जेता तयार होतो. दुसरं उत्तर दिसायला उदार, पण त्यातून नकाशावर भाषांतरांचं रान माजतं आणि गावातल्या माणसाला आपलं गाव ओळखू येईनासं होतं. कॅनडाने काढलेली वाट या दोहोंपेक्षा वेगळी आहे, आणि मला ती फार विचारपूर्वक काढलेली वाटते.

स्थळनामं ठरवण्यासाठी तिथे १८९७ साली एक राष्ट्रीय मंडळ नेमलं गेलं. सर्वेक्षक, खाणमालक आणि नव्याने येणारे वसाहतकरी एकाच डोंगराला तीन-तीन नावं देत होते, त्यात काही शिस्त आणणं हा हेतू. १९६१ साली नावं ठरवण्याचा अधिकार केंद्राकडून प्रांतांकडे गेला. १९६९ साली केंद्राने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषांचा कायदा केला आणि त्याच वर्षी न्यू ब्रन्सविक प्रांतानेही आपला तसाच कायदा केला. क्वेबेकने १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेखाली स्वतःचा स्थळनाम आयोग स्थापला. आता प्रश्न उभा राहिला केंद्र सरकारच्या नकाशांचा. देश द्विभाषिक, मग नकाशावर काय लिहायचं?

मिळालेलं उत्तर असं : वस्तीचं अधिकृत नाव सर्वसाधारणपणे एकच, आणि ते तिथल्या प्रांताने मान्य केलेलं. इंग्रजी नकाशातही क्वेबेकमधलं त्र्वा-रिव्हिएर हे त्र्वा-रिव्हिएरच राहतं, त्याचं ‘थ्री रिव्हर्स’ होत नाही. मोंरेआलच्या, म्हणजे मॉन्ट्रियलच्या, स्वरावरचं चिन्हही जागेवर राहतं. उलट अल्बर्टातलं मेडिसिन हॅट फ्रेंच नकाशातही मेडिसिन हॅटच. पण देशातली काही नावं एका गावाची किंवा एका प्रांताची नाहीत, ती सगळ्यांची आहेत. महासागर, मोठी सरोवरं, सेंट लॉरेन्ससारख्या नद्या, रॉकी पर्वत, हडसन उपसागर, आणि प्रांतांची नावं. १९८३ साली केंद्राने अशा सुमारे ८० नावांची यादी पक्की केली. या नावांना दोन्ही भाषांत अधिकृत रूप आहे आणि केंद्राच्या नकाशांवर ती दोन्ही रूपांत यायला हवीत. कॅनडाच्या अधिकृत नामसंग्रहात साडेतीन लाखांहून अधिक नावं आहेत. त्यांतली ही ऐंशीच.

साडेतीन लाखांत ऐंशी, या प्रमाणातच त्या व्यवस्थेचा विचार दडलेला आहे. जे सामायिक आहे, ते प्रत्येकाला आपल्या भाषेत म्हणता आलं पाहिजे. ऑन्टारिओतल्या मुलाला लेक सुपिरियर जितकं आपलं, तितकंच क्वेबेकच्या मुलीला ‘लाक स्युपेरियर’ आपलं. पण जे कुणाचं तरी घर आहे, त्याचं नाव घरच्यांनीच ठेवायचं आणि बाकीच्यांनी ते जसंच्या तसं उच्चारायला शिकायचं. पहिल्या प्रकारात भाषांतर करण्यात आदर आहे, दुसऱ्या प्रकारात भाषांतर टाळण्यात आहे. नावांवरून होणारे बहुतेक वाद या दोन प्रकारांची गल्लत केल्यामुळे पेटतात. घराच्या नावावर देश हक्क सांगायला येतो, किंवा देशाच्या नावावर एकच घर.

जिथे घरच्यांच्याच भाषा दोन आहेत, तिथे काय करायचं? न्यू ब्रन्सविकच्या वायव्येला, सेंट जॉन नदीच्या मोठ्या धबधब्यापाशी, एक छोटं शहर आहे. त्याची अधिकृत नावं दोन आहेत : ग्रँड फॉल्स आणि ग्रां-सो. बहुसंख्य रहिवासी फ्रेंच बोलणारे, पण इंग्रजी भाषकही तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. दोन्ही नावं वापरात होती म्हणून दोन्ही अधिकृत झाली. यात नियम मोडलेला नाही. नाव वापरणाऱ्यांचं, हाच तो नियम, आणि इथे वापरणारे दोन आहेत.

ओटावात रस्त्यांच्या पाट्यांवर याच समजुतीचं एक लहान, पण मला फार आवडणारं रूप दिसतं. ‘रस्ता’ या अर्थाचा शब्द फ्रेंचमध्ये नावाआधी येतो, इंग्रजीत नावानंतर. त्यामुळे पाटीवर आधी फ्रेंच ‘र्यू’, मध्ये रस्त्याचं नाव, शेवटी इंग्रजी ‘स्ट्रीट’. नाव एकदाच लिहिलेलं. डावीकडून वाचणाऱ्याला ते फ्रेंच वाक्यरचनेत मिळतं, उजवीकडे बघणाऱ्याला इंग्रजी रचनेत. दोन व्याकरणं वेगळी होती, म्हणूनच ती एका पाटीवर न भांडता मावली. भाषांमधला फरक दर वेळी अडथळाच असतो असं नाही, हे त्या पाटीवरून शिकता येतं.

या तडजोडीला आणखी एक आधार आहे, आणि तो आपल्यासारख्या देवनागरी लिहिणाऱ्यांना चटकन दिसतो. इंग्रजी आणि फ्रेंच यांची लिपी एकच. ‘मोंरेआल’ रोमन अक्षरांत एकदा लिहिलं, की फ्रेंच माणूस ते आपल्या पद्धतीने वाचतो, इंग्रजी माणूस त्याच अक्षरांतून मॉन्ट्रियल ऐकतो. लेखन एक, उच्चार दोन, आणि कागदावर कुणीच हरत नाही. मराठीत ही सोय नाही. देवनागरीत लिहिणाऱ्याला उच्चार निवडावाच लागतो. मराठी वर्तमानपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी बहुतेक वेळा मॉन्ट्रियल आणि क्वेबेक निवडलं, म्हणजे इंग्रजी कानाने ऐकलं. मीही या लेखात रुळलेलं म्हणून क्वेबेक लिहिलं आहे. पण ज्या मॉन्ट्रियल शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात त्याचं नाव मराठीत इंग्रजीच्या दारातून आलं, याची जाणीव तरी आपण ठेवायला हवी. त्या देशात आज मराठी कुटुंबंही राहतात. त्यांची मुलं शाळेत दोन्ही भाषा शिकतात आणि आजी-आजोबांशी मराठीत बोलताना शहराचं नाव त्यांना कुठल्या तरी एका उच्चारात घ्यावं लागतं. मोंरेआल हे रूप मराठी लेखनात रुळलं, तर त्यात मराठीचं काही कमी होणार नाही.

आता तिसऱ्याकडे. ऐंशी नावांची यादी करताना दोन भाषांचा तोल काटेकोर सांभाळला गेला, पण तराजूला पारडी दोनच होती. ओटावा नदीचं उदाहरण घ्या. इंग्रजीत ती ओटावा, फ्रेंचमध्ये ‘रिव्हिएर दे-झुतावे’. दोन्ही नावं ओडावा या एकाच लोकसमूहावरून आली, दोन निरनिराळ्या कानांनी टिपलेली. आणि त्या नदीच्या काठी राहणारे अल्गोंक्विन लोक तिला किची सिबी, म्हणजे महानदी, म्हणत आले आहेत. दोन राजभाषांमध्ये न्याय झाला, पण ज्यांनी नदीला आधी हाक मारली ते त्या न्यायाच्या बाहेरच राहिले.

हे हळूहळू बदलतं आहे. बॅफिन बेटावरच्या फ्रोबिशर बे या वस्तीचं नाव सोळाव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दीवरून पडलं होतं. १९८७ साली तिथल्या इनुइट रहिवाशांनी वापरलेलं इकालुइट हे नाव अधिकृत झालं, आणि १९९९ मध्ये नुनावुत हा नवा प्रदेश निर्माण झाल्यावर इकालुइट त्याची राजधानी झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या क्वीन शार्लट बेटांना १७८७ साली जॉर्ज डिक्सन या कप्तानाने आपल्या जहाजाचं नाव दिलं होतं. २०१० साली ती बेटं अधिकृतपणे हायडा ग्वाय झाली, म्हणजे हायडा लोकांची बेटं. जुन्या नावाला इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन रूपं होती. नव्या नावाला एकच रूप आहे आणि ते दोन्ही भाषांनी तसंच स्वीकारलं आहे. त्र्वा-रिव्हिएरसाठी फ्रेंच भाषकांनी जो हक्क मागितला आणि मिळवला, तोच हायडा लोकांना मिळाला. तत्त्व तेच होतं. ते सगळ्यांना लागू करायला उशीर झाला.

माझ्या मते कॅनडाच्या अनुभवातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. तिथली व्यवस्था परिपूर्ण नाही. पण तिच्या मुळाशी असलेलं तत्त्व इतकं सरळ आहे, की ते आज ना उद्या स्वतःच्याच अपवादांना प्रश्न विचारतं. राहणाऱ्याचा हक्क मान्य केला, की ‘आधी कोण राहत होतं?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्याकडे या विषयाची धग सीमाभागात जाणवते. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. कन्नड भाषकांना ते रूप आपलं वाटतं आणि त्यांचा तो हक्क खरा आहे. त्याच शहरात जन्मलेल्या, तिथेच शाळा आणि नाट्यसंस्था चालवणाऱ्या मराठी भाषकांच्या तोंडी बेळगाव आहे, आणि तेही तितकंच खरं आहे. इथे लिपी दोन आहेत, त्यामुळे मोंरेआलसारखी एका लेखनात दोन उच्चार सामावण्याची वाट नाही. पण ग्रां-सोची वाट आहे. गावात दोन भाषा पिढ्यान् पिढ्या नांदत असतील, तर पाटीवर दोन लिपींत, दोन रूपांत, दोन्ही नावं लिहिता येतात. आपल्या देशात अनेक रेल्वे स्थानकांच्या फलकांवर तीन लिपी शेजारी शेजारी असतात आणि त्यामुळे एकही गाडी चुकीच्या गावी गेलेली नाही.

हाच नियम आपल्यालाही लागू होतो, हे मात्र विसरता येणार नाही. महाराष्ट्राच्या आत जिथे गोंडी, भिली, कोरकू बोलणारे लोक राहतात, तिथल्या डोंगरांना, नद्यांना, पाड्यांना त्यांनी दिलेली नावं आहेत. सरकारी दप्तरात ती मराठी वळणाने लिहिली जातात, आणि अनेकदा मूळ उच्चार हरवतो. बेळगावसाठी बोलणाऱ्याने मेळघाटातल्या कोरकू गावासाठीही बोललं पाहिजे. एका ठिकाणी राहणाऱ्याचा हक्क मागायचा आणि दुसऱ्या ठिकाणी दप्तराची सोय बघायची, असं करून चालणार नाही.

यातून करण्यासारखी कामं मोठी नाहीत, पण चिकाटीची आहेत. तलाठ्याच्या नोंदीत, शाळेच्या भूगोलात आणि रस्त्याच्या पाटीवर गावाचं नाव लिहिण्याआधी गावातल्या माणसांना ते कसं उच्चारतात हे विचारावं. जिथे दोन भाषक समूह दीर्घकाळ राहतात, तिथे दोन्ही रूपांना सारखा मान द्यावा. मोठ्या नद्या, डोंगररांगा, समुद्र ही सगळ्यांची संपत्ती आहे, तेव्हा प्रत्येक भाषेला त्यांचं आपलं नाव असू द्यावं. आणि दुसऱ्याच्या गावाचं नाव त्याच्या उच्चाराने म्हणायची सवय आपण स्वतःपासून लावून घ्यावी. असं म्हणायला जीभ थोडी वळवावी लागते. शेजाऱ्यासाठी एवढे कष्ट घेण्याची तयारी असली, तर एका नकाशावर अनेक भाषा सुखाने राहू शकतात.