रडते बालक आणि हाती दिलेला फोन

(शास्त्रपाठ: मार्क १०:१३–१६)



लोकांनी आपली बालके प्रभूकडे आणली, तेव्हा शिष्यांस ती अडचण वाटली. प्रभूस मात्र शिष्यांचेच वर्तन आवडले नाही. बालकांस दूर कोठे गुंतवून ठेवा, असे तो म्हणाला नाही. त्याने त्यांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला.

त्या शिष्यांच्या पंक्तीत आम्हीही बसलो आहो, हे प्रथम कबूल करतो. गेल्या पावसाळ्यात एका घरी प्रार्थना चालू असता दोन वर्षांचे बालक रडू लागले. आम्हीच खिशातील फोन काढून त्याच्या हाती दिला. बालक गप्प झाले आणि प्रार्थना निर्विघ्न पार पडली. निघताना त्याची आजी म्हणाली, "पाळकसाहेब, हे दिवसभर असंच फोनपाशी असतं. हाक मारली तरी मान वर करीत नाही. अजून 'आई' म्हणत नाही." ते शब्द आमच्या अंतःकरणास झोंबले.

बालक वाणी कशी शिकते? सन २००३ मध्ये अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल ह्या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या काही बालकांशी चिनी भाषा बोलणारी माणसे बारा वेळा समक्ष बोलली व खेळली. त्या बालकांस त्या भाषेचे ध्वनी ओळखू येऊ लागले. दुसऱ्या बालकांस तीच माणसे पडद्यावर दाखविली; ती काही शिकली नाहीत. पडदा बोलतो खरा, परंतु तो बालकाचे ऐकत नाही. बालक 'बा' म्हणाले असता हसून 'बाबा' म्हणणारे मुख त्याजपाशी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असा सल्ला दिला की, दोन वर्षांखालील बालकांस पडद्यापुढे बसवू नये. पुढे चार वर्षांपर्यंत दिवसातून एका तासाहून अधिक नको, कमी असेल तितके बरे. दूर मुंबईस कामाला गेलेल्या बापाचे तोंड फोनवर पाहून बोलणे निराळे. तेथे उत्तर देणारे जिवंत माणूस आहे.

निंदणीहून परतून चूल पेटविणाऱ्या मातेस आम्ही दोष देत नाही. तिचे हात गुंतलेले असतात, तरी वाणी मोकळी आहे. भाकरी थापताना तिने बालकाशी बोलावे. बापाने आपला फोन फळीवर ठेवून त्यास कडेवर घ्यावे. आजीआजोबांनी गोष्ट सांगावी. घरी, वाटेवर, रात्री व सकाळी मुलांशी बोलत राहण्याची आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आहेच. आणि जे बालक हाकेस ओ देत नाही, त्याच्याविषयी केवळ फोनला दोष देऊन स्वस्थ बसू नये. कानाचेही दुखणे असू शकते. त्यास डॉक्टरांस अवश्य दाखवावे.

प्रचारक बंधूंनो, उपासनेत बालक रडले तर रडू द्या, अथवा आपणच त्यास उचलून घ्या. त्या रडण्याने आपली प्रार्थना मोडत नाही. ज्या प्रभूने बालकांस कवेत घेतले, तो आपले बाहूही त्यांच्यासाठी मोकळे करो. आमेन.