मैदानाच्या आठवणींना वारस हवा

दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानाचा विषय निघाला की जुने फुटबॉलवेडे तासन्‌तास बोलत राहतात आणि ऐकणारे ते हळवेपणात जमा करतात. या आठवणींत मला मात्र एक दावा दिसतो. ज्या संघांना मुंबईकरांनी आपले मानले, त्यांच्या कारभारात मुंबईकरांना कधीच वाटा मिळाला नाही. संघ बंद पडले तेव्हा प्रेक्षकांच्या हाती आठवणींखेरीज काही उरले नाही, म्हणूनच त्या इतक्या तीव्र आहेत. त्या आठवणींना वारस मिळायचा असेल, तर प्रेक्षकाला क्लबचा सभासद व्हावे लागेल.

मुंबईत रोव्हर्स करंडक या फुटबॉल स्पर्धेची सुरुवात १८९१ मध्ये झाली. पुढची कित्येक वर्षे तो ब्रिटिश पलटणींकडे फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने तो जिंकला तेव्हा पहिल्यांदा भारतीय संघाचे नाव त्यावर लागले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो आपल्याकडे राखला. कोलकात्याचे नामांकित संघ मुंबईकरांना कूपरेजवर पाहता आले ते याच स्पर्धेमुळे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझाही मुंबईतल्या टाटांच्या संघातून खेळलेला. भारताने त्या ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. एवढी मोठी परंपरा असलेला रोव्हर्स करंडक २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत बंद पडला. त्याला वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी कोणाचे दार ठोठावायचे, हेही ठरलेले नव्हते.

याचे कारण मुंबईच्या फुटबॉलच्या घडणीत आहे. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया ही सगळी संघांची नावे म्हणजे कंपन्यांची नावे. या व्यवस्थेचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. व्यावसायिक फुटबॉल नसलेल्या काळात तिने खेळाडूला नोकरी दिली, पगार दिला आणि गुडघा गेल्यावरही घर चालेल एवढी हमी दिली. पण कंपनीच्या हिशेबात संघ हा एक खर्चच होता. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्राच्या संघाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. महिंद्रा युनायटेड या नावाने त्याने २००५-०६ चे राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले. मुंबईच्या संघाने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. फेडरेशन करंडक आणि ड्युरँड करंडकही त्याच्या नावावर आहेत. तरीही २००९-१० चा हंगाम संपताच तो विसर्जित झाला. कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळायचे ठरवले, आणि तो निर्णय तिच्या अधिकारातलाच होता. २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या अटींमुळे एअर इंडिया राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगबाहेर गेला. २००७ मध्ये उभा राहिलेला मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि संपला. दहा वर्षांच्या आत तीन संघ गेले. प्रत्येकाची कारणे वेगळी होती, पण निर्णय प्रत्येक वेळी प्रेक्षकांच्या पलीकडेच झाला.

संघ काय कुठेही बंद पडतात, असे यावर म्हणता येईल. ते खरे आहे. राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता, पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी, २०११ मध्ये बंद झाला. पण तोही एका गिरणीचाच संघ होता. १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल यांनी आर्थिक संकटे पाहिली, पुरस्कर्ते बदलले, तरी ते उभे आहेत, कारण त्यांच्यामागे सभासदांची यादी आहे. इंग्लंडमधला विंबल्डन क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचे ठरवले, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचा एएफसी विंबल्डन काढला. तो खालच्या पायरीपासून वर चढत गेला आणि २०२० मध्ये जुन्या परिसरात, प्लाउ लेनवर, नव्या मैदानात परतला. तिथे आठवणीने संस्था उभी केली. मुंबईत त्याच भावनेला संस्थेचे रूप मिळाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कूपरेजची क्षमता सुमारे ५,०००. तिथले अनेक लीग सामने तुरळक गर्दीत होत. मग आज गळा काढणारे तेव्हा कुठे होते? शिवाय अंधेरीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, मग जुन्याचा शोक कशाला? गर्दीच्या बाबतीत आठवण अतिशयोक्ती करते, हे मान्य. पण गर्दी कमी होती हे सभासदत्व नसल्याचेही फळ असू शकते. जिथे आपले मत विचारले जात नाही, तिथे माणूस सवडीने येतो. आणि मुंबई सिटीच्या यशाने जुना प्रश्न सुटलेला नाही. २०१९ मध्ये क्लबचा बहुसंख्य हिस्सा एका परदेशी समूहाने घेतला. २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांचा करार रखडल्याने इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. दोन्ही वेळा तिकीट काढणाऱ्याने बातमी वाचली, एवढाच त्याचा सहभाग.

आमच्या पवईसारख्या उपनगराशी कूपरेजचा काय संबंध, असेही कोणी विचारील. संबंध थेट आहे. शहराची वस्ती उत्तरेकडे सरकली आणि तिच्यामागून मोठे फुटबॉलही अंधेरीत आले. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने पवईकरांना ते जवळ आहे. मात्र इथल्या पोरांचे फुटबॉल आता बरेचसे तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फवर होते. टर्फला गिऱ्हाईक असते, क्लबला सभासद असतो. गिऱ्हाईक तास संपला की निघून जाते. सभासद वर्गणी भरतो, निवडणुकीत मत देतो, जुने निकाल जपतो आणि मैदानावर घाला आला तर उभा राहतो. आज टर्फवर घाम गाळणाऱ्या पिढीला सभासद होण्याची वाट मिळाली नाही, तर वीस वर्षांनी तिच्याही हाती केवळ हळहळ राहील.

म्हणून कूपरेजची ओढ असणाऱ्यांनी तिची लाज बाळगू नये आणि तिच्यावर समाधानही मानू नये. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने जुने निकाल, छायाचित्रे, संघयाद्या एकत्र करून लोकांसाठी खुल्या कराव्यात. महापालिकेने खेळाची मैदाने भाडेपट्ट्याने देताना स्थानिक सभासद-क्लबांसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावी. मोठ्या क्लबांनी चाहत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला कारभारात जागा द्यावी. यातल्या कशालाही अफाट पैसा लागत नाही, प्रेक्षकाला धनी मानण्याची तयारी लागते. गेलेले संघ परत येणार नाहीत. पुढचा संघ मात्र एका बैठकीतल्या ठरावाने संपू नये, एवढी तजवीज आपल्या हातात आहे, आणि कूपरेजवर प्रेम केलेल्यांनी तिची मागणी मोठ्या आवाजात केली पाहिजे.